दमदमा तलावावर बाबांचा हुकूम

दमदम्याला जायचं ठरलं ते माझ्या अपराधीपणातून. देवगडचे माझे बाबा आयुष्यभर मालवाहू जहाजांवर सुकाणी होते. काचबिंदूने नजर जवळजवळ गेल्यावर आम्ही त्यांना नोएडाला आणलं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, "बाबा, डावीकडे वळा," आणि ते कपाटावर आपटले. मी सांगितलं होतं ते माझं डावं! कपाळाला टेंगूळ आलं. तेव्हापासून ते खोलीबाहेर येईनात. ताट आत, चहा आत.

रविवारी सकाळी सातला बाबांना कसंबसं गाडीत बसवून निघालो. तुम्हीही लवकर निघा, उशीर झाला तर गुडगाव पार करतानाच अर्धा दिवस जातो. सोहना रोडच्या धाब्यावर पांढरं लोणी घातलेला मुळ्याचा पराठा मिळाला. बाबांनी दोन खाल्ले. अरवलीच्या बुटक्या डोंगरांत तलाव मात्र सुरेख आहे. उन्हाळ्यात आटतो, म्हणून पावसाळा संपल्यावर जावं.

बोटवाला बाबांकडे बघून म्हणाला, "मैडम, ताऊजी को बीच में बैठाओ, दिखता नहीं है."

"मी मागेच बसणार," बाबा म्हणाले. त्या दिवसातलं ते त्यांचं पहिलं वाक्य.

लाइफ जॅकेटं चढवली. नवरा निखिल वल्ही घेऊन बाबांकडे तोंड करून बसला, मी पुढच्या टोकाला. पाच मिनिटांत समोर बाभळीची वाकलेली फांदी आली. मी ओरडले, "डावीकडे!" निखिलने स्वतःच्या डावीकडे बोट वळवली आणि आम्ही थेट काट्यांत शिरलो.

बाबा हसले. कितीतरी महिन्यांनी.

"अगं, डावं-उजवं माणसाचं असतं, बोटीचं नाही. तू बसलीस ते पुढचं टोक म्हणजे नाळ. नाळेकडे तोंड केलं की डाव्या हाताला पोर्ट, उजव्या हाताला स्टारबोर्ड. एकदा ठरलं की ठरलं, मग निखिलराव उलटे बसोत नाहीतर लटकोत! पोर्टच्या वल्ह्याला लाल काहीतरी बांध."

मी केसांचा लाल बो सोडून बांधला.

"आता फक्त दिसतं ते सांग."

"दगड. पोर्टला. जवळ!"

"निखिलराव, लाल वल्हं ओढा, दुसरं थांबवा!"

बोट अलगद स्टारबोर्डला वळली. न बघता, नुसतं माझ्या शब्दांवर बाबांनी आम्हाला अख्खा तलाव फिरवला. पाठ ताठ, आवाज खणखणीत. जहाजावरचे बाबा मी कधी पाहिलेच नव्हते. इतका अभिमान वाटला की काय सांगू!

काठावर बोटवाल्याने हात देत म्हटलं, "ताऊजी, कल से ड्यूटी पे आ जाओ, यार."

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "या घराची नाळ कुठली?" बाल्कनी ठरली. तिकडे तोंड केलं की त्यांची खोली पोर्टला, स्वयंपाकघर स्टारबोर्डला आणि पार मागच्या टोकाला बाहेरचं दार. आता समोर उभी राहूनही माझी चूक होत नाही.

परवा मी ऑफिसमधून आले आणि पर्समध्ये किल्ली चाचपडत होते. आतून कडी वाजली. घरात दुसरं कुणीच नव्हतं. बाल्कनीपासून इथवर एकटे चालत येऊन बाबांनी दार उघडलं होतं.


"ये," ते म्हणाले. "चपला पोर्टला काढ."