ताईंनी पहिला भाग घेतला

शालिनीताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी शिडीवर होतो आणि ताई खाली खुर्चीवर.

भंडाऱ्याच्या क्लबात वरच्या मजल्यावर एक हॉल आहे. तिथले पडदे मोहाडीला माझ्या हातमागावर विणले गेले होते आणि ते टांगायला मीच आलो होतो. शिडीखाली ताईंचं शनिवारचं वाचनमंडळ भरलेलं. कादंबरीतला मुलगा बऱ्याच वर्षांनी घरी येतो, दार वाजवतो, आई दार उघडत नाही. यावर चर्चा रंगलेली. मला राहवलं नाही. वरूनच बोललो, "नाही उघडत तेच बरं जी. लेकाले जराशी अक्कल येऊ द्या."

सगळे खो खो हसले. कारण पुढच्याच पानावर लिहिलं होतं की ती माय घरातच नव्हती, शेतावर गेली होती.

ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, अर्धं ऐकून एवढं बोलता, पूर्ण वाचलं तर काय कराल? खाली या. खुर्ची रिकामी आहे."

दारावरचा चौकीदार पुढे आला. "ताई, हे मेंबर नाहीत जी."

"माझे पाहुणे आहेत," ताई म्हणाल्या.

सातवीत शाळा सुटलेला मी विणकर त्या दिवशी जो पाहुणा झालो, तो आजतागायत पाहुणाच आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण क्लब खाजगी आहे. पाहुण्याने सदस्यासोबत यायचं आणि सदस्य उठला की उठायचं, असा तिथला नियम. पूर्वी मंडळात डॉक्टर होते, वकील होते, बँकेतले साहेब होते. कोणी मुलांकडे नागपूरला गेले, कोणी खालच्या पत्त्यांच्या टेबलाला चिकटले. आज शनिवारच्या टेबलाभोवती एकट्या ताईच सदस्य आहेत, बाकी आम्ही सगळे त्यांचे पाहुणे. ताई उठल्या की आमचा बाजार उठला. गेले काही महिने माझा जीव थाऱ्यावर नाही तो यामुळेच.

ताईंची पद्धत नव्या माणसाला दचकवते. जाड कादंबरीची प्रत एक आणि वाचणारी घरं पाच. मग ताई ब्लेडने पुस्तकाची बांधणी सोडवतात, पाच भाग करतात, प्रत्येक भागाला पुठ्ठा लावून स्वतःच्या हाताने शिवतात. महिना झाला की ज्याचा त्याचा भाग पुढच्या घरी जातो. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा क्लबचे सचिव धावत वर आले होते. "ताई, पुस्तकाचा खून केला तुम्ही!"

"खून काहून जी? बटवारा केला," ताई म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवत राहिल्या.

अशाने कोणाची सुरुवात मधूनच होते, कोणाला लग्न आधी कळतं आणि भांडण मागून. पण शेवटचा भाग आधी घ्यायला कोणीच राजी नसतं. तो ताई दरवेळी स्वतःकडे ठेवत आल्या. "मला शेवट आधी कळला तरी चालतो," त्या म्हणत. बाकीच्यांचा रसभंग होऊ नये म्हणून आपला रसभंग त्यांनी इतकी वर्षं आनंदाने करून घेतला, आणि शेवटाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

एकदा मोठा घोटाळा झाला. आमच्यातल्या रमाबाई कारध्याच्या. घरी डोंगा आणि जाळी, सकाळी भंडाऱ्याच्या बाजारात मासळी विकतात. त्या साकोलीला बहिणीकडे गेल्या आणि तिसरा भाग एसटीतच राहिला. शनिवारी त्या हॉलच्या दारातच उभ्या राहिल्या, आत येईनात. "मी नाही येत जी. मायाच्यानं गोष्ट हरवली."

"कागद हरवले," ताई म्हणाल्या. "ज्यांनी वाचलं ते सांगतील. बसा."

तो भाग दोघांचा वाचून झाला होता. मी आणि एक निवृत्त पोस्टमास्तर. मी म्हणालो सून माहेरी गेली, ते म्हणाले गेलीच नाही, फक्त बॅग भरली. आमची अशी जुंपली की रमाबाईच मध्ये पडल्या, "तुमच्या दोघाच्या भांडणात ती बिचारी दारातच उभी हाय ना जी! तिले आत त घ्या!" त्या दिवशी ताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. रमाबाईंचा एकही शनिवार त्यानंतर चुकला नाही.

ताईंना एका जागी बसणं माहीत नाही. क्लबच्या वार्षिक कार्यक्रमाला त्यांनी हट्टाने दंडार, म्हणजे आमच्या भागातलं लोकनाट्य, आणली. सोंगं, ढोलकी, सगळा थाट. पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी सोफा ठेवला होता, त्याला त्या टेकल्यासुद्धा नाहीत. सारख्या फाटकाकडे जायच्या आणि परत यायच्या. फाटकाबाहेर रस्त्यावर माणसं जमली होती, त्यांना मंचाची पाठ तेवढी दिसत होती. पडदा उघडायच्या आत ताईंनी मंडपवाल्याकडून मंच फिरवून घेतला, तोंड फाटकाकडे. सदस्यांना आपापल्या खुर्च्या उचलून दुसरीकडे न्याव्या लागल्या. सचिव वैतागले, "ताई, मंच उलटा काहून केला?"

"उलटा होता, सरळ केला."

माझ्या घरच्या मंडळींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी दोन शनिवार गेलो नाही. तिसऱ्या शनिवारी मंडळ सुटल्यावर ताई बसने मोहाडीला हजर. पिशवीत संत्री आणि कादंबरीचा दुसरा भाग. आमच्या हिला वाचता येत नाही. ताई खाटेजवळ बसून वाचू लागल्या. वाचताना मध्येच उठायच्या, ओट्यावर जायच्या, पुन्हा यायच्या. ही डोळ्यावरच्या पट्टीतून म्हणाली, "बाई, तुमच्या पायाले भिंगरी हाय का जी? त्या पोरीचं काय झालं ते सांगा ना आधी!" तेव्हापासून शनिवारी मी घरी परतलो की ही पाण्याआधी गोष्ट मागते.

अशा ताईंना पुण्याची लेक बोलावून राहिली आहे. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, एकटीने किती दिवस काढायचे, हे तिचं म्हणणं चूक नाही. खोलीही तयार आहे. सचिवांनी तर जाता जाता सहज बोलून टाकलं की हॉल मोकळा झाला तर तिथं व्यायामाची मशिनं बसतील. त्या दिवशी जिन्यावर रमाबाईंनी मला गाठलं.

"दौलतभाऊ, ताई चालल्या का जी पुण्याले?"

"मले काय माहीत."

"मंग विचारा ना."

"तूच विचार."

"मी बाई नाही विचारत. हो म्हणल्या त?"

दोघांनीही विचारलं नाही. शनिवार येत राहिले, आम्ही पुस्तकांवर बोलत राहिलो आणि मनात भलतंच चालू राहिलं.

गेल्या शनिवारी ताईंनी नवी कादंबरी आणली, चांगली उशीएवढी जाड. आमच्यासमोर कापली, शिवली आणि वाटली. शेवटचा भाग त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मला वाटलं, चुकून आला.

"ताई, हा तुमचा."

"या वेळी तुमचा. सांभाळा. कोणाला सांगू नका, मलाही नाही."

आणि त्यांनी पहिला भाग उघडला. रमाबाई बोटांवर मोजू लागल्या. पहिला भाग ज्याच्याकडे, त्याच्याकडे शेवट सगळ्या घरांतून फिरून पाचव्या महिन्यात येणार. "म्हणजे होळीपर्यंत त..." एवढंच त्या बोलल्या आणि पदर तोंडाशी धरला. तेवढ्यात लेकीचा फोन आला. ताई म्हणाल्या, "हो गं, येईन. पुस्तक तर संपू दे." फोन ठेवून माझ्याकडे वळल्या, "तुमच्या आणि रमाबाईंच्या सदस्यत्वाला माझी शिफारस आहे, अजून एका सदस्याची हवी. वकीलसाहेब मला टाळतात. आज त्यांच्या घरीच जाते." आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्यासुद्धा. त्या उठल्या म्हणून आम्हीही उठलो.

वकीलसाहेबांची शिफारस अजून आलेली नाही. माझी घालमेलही संपलेली नाही. शेवटचा भाग मात्र मी वाचून काढला. कसा आहे ते सांगणार नाही. आमच्या हिलाही सांगितलं नाही, त्यावरून घरात अबोला आहे.

ताईंना निरोगी दीर्घायुष्य लाभो, हे ताईंच्या या गौरवग्रंथात सगळेच लिहितील, आणि माझ्याही मनात तेच आहे. मी फक्त आणखी थोडं मागतो. त्यांच्या गुडघ्यांनी त्या जिन्याशी जमवून घ्यावं, डोळ्यांनी साथ द्यावी, आणि ही कादंबरी संपण्याआधीच तिच्याहून जाड दुसरी त्यांच्या हाती पडावी. तिचाही पहिला भाग ताईंनीच घ्यावा. शेवट मी सांभाळतो.