समोरच्याचं बोट

माझ्या सासरेबुवांच्या मते मी एक निरुपद्रवी माणूस आहे.

साताऱ्याच्या एसटी डेपोत त्यांनी तीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढली. लॅपटॉपवर बोटं आपटणं हेही काम असतं, हे त्यांना आजतागायत पटलेलं नाही. २०१७च्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे डब्लिनला आले, तेव्हा मी ठरवलं, यांना कॅम्पिंगला न्यायचं आणि यांच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या हातांनी तंबू उभारून दाखवायचा! (हॉलमध्ये तीन संध्याकाळी सराव केला. मुग्धाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, लाडका लॅम्प त्यातच गेला.)

"हॉटेल बुक कर ना रे, गप," मुग्धा म्हणाली. पण इथे इज्जतीचा सवाल होता.

मलिंगार गाव मागे पडलं आणि आम्ही खेड्यातल्या अरुंद रस्त्याला लागलो. समोरून एक गाडी आली. ड्रायव्हरने स्टीअरिंगवरूनच एक बोट वर केलं आणि गेला निघून.

"थांबवा!" सासरेबुवा कडाडले. "दार उघडं राहिलंय. समोरचा ड्रायव्हर उगाच बोट वर करत नसतो!"

दारं सगळी बंद होती. पाच मिनिटांत एक ट्रॅक्टरवाला आला. बोट! "मग टायर असणार." टायर ठणठणीत. पुढे पोस्टाची व्हॅन आली, तिच्यातून दोन बोटं! "दोन म्हणजे सीरियस आहे," म्हणत त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. शेवटी एका छोट्या गाडीतल्या आजीबाईंनी अख्खा पंजाच दाखवला.

"उतरवा सामान! खालून बघतो."

मी डिकी रिकामी केली. कुकर, तांदूळ, चिवड्याचा डबा, तंबू, सगळं रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर मांडलं. सासरेबुवा इस्त्रीच्या शर्टासकट गाडीखाली शिरले. तेवढ्यात आणखी तीन गाड्या गेल्या. तिन्हींतून बोटं!

"बघा! अख्ख्या गावाला दिसतंय, तुम्हालाच तेवढं दिसत नाही!" गाडीखालून आवाज आला.

आमची सई सात वर्षांची. जन्म इथलाच, मराठी कळतं, पण बोलणं सगळं इथल्या गावच्या मावशीसारखं, इंग्रजीत. तिने पुस्तकातून डोकं वर केलं. "आजोबा, दे आर जस्ट सेइंग हॅलो. एव्हरीबडी डज इट."

"अगं, मग आधी का नाही सांगितलंस?" मी किंचाळलो.

"नोबडी आस्क्ड मी!"

सासरेबुवा बाहेर आले. शर्टाचं पोतेरं झालेलं. "ओळख ना पाळख, नमस्कार कसला डोंबलाचा!" असं म्हणाले खरे, पण पुढच्या गाडीला त्यांनी खिडकीतून असा काही हात केला, की जणू तालुक्यातून निवडून आले! मग आम्हाला चेवच चढला. गाडी दिसली की नमस्कार!

थोड्या वेळाने मागून एक लाल जीप आली. हॉर्न काय, लाइट काय, आणि ड्रायव्हरचा हात बाहेर, जोरजोरात हलतोय!

"हा तर फारच प्रेमळ निघाला," सासरेबुवा गहिवरले. आम्ही चौघांनी मागे वळून हात केले. (मीसुद्धा! "अरे पुढे बघ!" ही मुग्धाची किंकाळी अजून कानात आहे.) त्याने आणखी जोरात हात हलवला. आम्हीही काही कमी पडलो नाही. तो थेट कॅम्पसाईटपर्यंत आमच्या मागे आला.

"सोडायला आला बिचारा! याला म्हणतात पाहुणचार."

जीपमधून लालबुंद चेहऱ्याचा एक शेतकरी उतरला. पायात चिखलाचे गमबूट आणि खांद्यावर माझा तंबू. मी तो गडग्यावरच विसरलो होतो.

मी "सॉरी, सॉरी" करत राहिलो. तो धापा टाकत म्हणाला, "ग्रँड, ग्रँड." (म्हणजे 'ठीक आहे, चालायचंच'. घराला आग लागली तरी इथली माणसं हेच म्हणतील.) निघता निघता त्याने मला पाहिलं. मी माहितीपत्रक उलटं धरून पहिली काठी शोधत होतो. त्याने एक सुस्कारा सोडला, बाह्या सरसावल्या आणि दहा मिनिटांत तंबू उभा केला. मी खुंट्या हातात देत होतो.

सासरेबुवा हात मागे बांधून सगळं बघत होते. मग मला हळूच बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, या गृहस्थाचं लग्न झालंय का हो?"

"आता काय उपयोग? तुमची मुलगी एकुलती एक, आणि ती माझ्याकडे आहे."

"ठाऊक आहे हो मला," ते म्हणाले. "उगाच आपली जिवाला चुटपुट लागते."