तीन रिंगांची उतरंड

"नव्या लेन्स हौशी लोक घेतात, आपण आटे फिरवायचे," असं थोरला एकदा म्हणाला आणि त्या वाक्यावर दोघा भावांचा फोटो स्टुडिओ कित्येक वर्षं चालला.

थोरल्याकडे लेन्स एकच. पण तिच्या तोंडावर तो काय काय चढवायचा! लांबचं जवळ आणायला एक कन्व्हर्टर, अरुंद खोली रुंद करायला दुसरा. कन्व्हर्टर म्हणजे लेन्सवर फिरवून बसवायचं जादा भिंग. त्याचा घेर लेन्सपेक्षा मोठा, म्हणून मध्ये रिंग लागते. नेमकी हवी ती रिंग थोरल्याकडे कधीच नसायची. मग छोटीवर मधली, मधलीवर मोठी अशी उतरंड रचायची आणि वर भिंग.

वहिनी म्हणायची, "आमची पहिली भेट झाली तेव्हाही ह्यांनी कन्व्हर्टर लावलेला असणार. नाहीतर मी इतकी चांगली दिसलेच नसते."

धाकट्याला पूर्वी ह्यावर हसू यायचं. हल्ली त्याला काम हवं होतं. गाद्यांच्या कारखान्याने सगळ्या कामगारांचा एकत्र फोटो सांगितला होता. तो पसंत पडला तर पुढचं सगळं काम स्टुडिओला. फोटो जेवणघरात काढायचा होता आणि तिथे मागे सरकायला जागा नव्हती.

"दादा, रुंद लेन्स भाड्याने आणू."

"आहे की आपल्याकडे."

"ती उतरंड?"

"त्या उतरंडीनेच तुला शिकवलंय."

"बरं. पण फसलं तर पुढे कॅमेरा मी धरणार. तू काउंटरला बस."

थोरला रिंग पुसत होता. तो थांबला नाही. "बसेन," म्हणाला.

त्याने चाचणी घेतली, तीही मन लावून. स्टुडिओत नेहमीचा काळा पडदा सोडला, मध्ये खुर्ची ठेवली, फोटो काढून मोठा करून पाहिला. "दाखव, कुठे खोट आहे?" धाकट्यालाही सापडली नाही. काळ्या पडद्याचे कोपरे काळे पडले तर कळणार कोणाला? तरीही त्याने मित्राची रुंद लेन्स मागून आणली आणि भावाच्या नकळत बॅगेच्या तळाशी सरकवली.

जेवणघराच्या भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या.

थोरला रंगात आला होता. बाकांवर चढलेल्यांना म्हणाला, "पोटं आत घ्या, नाहीतर पोटांचाच फोटो येईल." लोक हसले, त्याने बटण दाबलं.

मॅनेजरने फोटो लॅपटॉपवर पाहिला. मधली माणसं झकास आली होती. चारही कोपरे मात्र रिंगांच्या काठांनी गिळले होते. मागच्या रांगेत एका टोकाच्या शिवणवाल्या बाईला मान होती, डोकं नव्हतं.

"आणि आमचा वॉचमन?"

"ड्युटीवर असेल," मागून कोणीतरी म्हणालं.

"थोडा झूम करतो, काळोख जाईल," थोरला म्हणाला. त्याने केला. काळोख गेला, बाईची मानही गेली.

तेवढ्यात बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. थोरल्याने वळून पाहिलं. धाकट्याच्या हातात दुसरी लेन्स होती. त्याने भावाकडे न बघता कॅमेरा घेतला, जुनी लेन्स उतरंडीसकट काढून टेबलावर ठेवली, नवी बसवली आणि बटण दाबलं. सगळे आले, भिंतीवरच्या घड्याळासकट.

"आता कसं," मॅनेजर म्हणाला. "आधीच का नाही काढलीत ही?"

धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, "दादानेच सोबत घ्यायला लावली होती. म्हणाला, असू दे."

"वा," मॅनेजरने थोरल्याच्या पाठीवर थाप मारली. "शेवटी अनुभव तो अनुभव."

शिवणवाली बाईसुद्धा कौतुकाने बघत होती. थोरला तिच्याकडे, मग धाकट्याकडे पाहत राहिला. धाकट्याला वाटलं, आता हा शिवी तरी देईल. थोरल्याने टेबलावरची लेन्स उचलून काखेत धरली आणि कॅमेरा धाकट्याच्याच हातात ठेवून बाकांमधून वाट काढत बाहेर पडला.