वाळलेला खुळखुळा

लोणी भापकरच्या माळावर हिंदुरावांचं पाच एकरांचं कुरण आहे. घोड्या चरायच्या त्या कुरणात एकोणीस वर्षं मालनबाईशिवाय कुणाचं खुरपं चाललं नाही. तिनं चालू दिलं नाही, असं म्हटलं तर जास्त खरं. हिंदुरावांनी एकदा दोन बायका मदतीला आणल्या, तर तिसऱ्या दिवशी त्या पळाल्या. "उंटकटारा वरनं कापती व्हय गं? केस कापलं म्हंजी मुळं गेली का तुझी?" असं सकाळी सकाळी ऐकावं लागल्यावर कोण टिकतंय!

पण बाई बोलायची ते खोटं नव्हतं. घोडं निवडून चरतं. गोड गवत बुडापर्यंत खातं आणि काट्याला तोंड लावत नाही, म्हणजे काट्याला रान मोकळंच. त्यात उंटकटारा वरून छाटला की एकाचे चार होतात. पाऊस पडून माती मऊ झाली की, निळी बोंडं धरायच्या आत, मालनबाई हातभर खणून तो मुळीसकट काढायची. तिच्या तळहातात बारा महिने काटे मोडलेले असायचे. मुलगा बुद्धघोष एमआयडीसीत कामाला. तो म्हणायचा, "आई, आता बास कर." ती म्हणायची, "मग घोड्यांकडं कोण, तू बघणार?"

तिचा जीव घोड्यांतच होता, त्यातही चंद्रीत. अकलूजच्या बाजारातून आणली तेव्हा चंद्री एवढंसं शिंगरू होती, मालनबाईच्या पदराला तोंड पुसत मोठी झाली. हिंदुरावांची बायको वारल्यावर त्या घरात मोठ्यानं बोलणारं माणूस उरलं ते मालनबाईच. दुपारचा चहा दोघं तबेल्याच्या पायरीवर बसून प्यायची आणि बोलणं सगळं चंद्रीचं. गावानं त्यावर जीभ चालवून पाहिली, पण मालनबाईच्या जिभेपुढं गावाची काय मात्रा!

गेल्या साली दिवाळीच्या सुमाराला कुरणात खुळखुळा माजला. पिवळ्या फुलांचा, वाळल्या शेंगा वाजणारा. इतका कडू की घोड्या नुसता वास घेऊन मान फिरवतात. मालनबाईनं तो उपटला. दरसाल ती उपटलेलं तण डोक्यावरून कुंपणाबाहेर नेऊन, बी पडू नये म्हणून पेटवायची. या खेपेला तिचा गुडघा धरला होता. ओलं ओझं झेपेना, म्हणून कुंपणाच्या आतच ढीग घातला. वाळून हलका झाला की नेऊ, म्हणाली.

आठ दिवसांनी पाहते तर चंद्री ढिगापाशी उभी राहून कुरूकुरू खातेय. आता मालनबाई वाढली खुरपणाऱ्या बायकांत. उपटलेलं तण म्हणजे घरच्या शेळीचा घास, ते वाया घालवणं म्हणजे पाप, ही त्यांची रीत. तिला बरंच वाटलं. "खा बाय, तेवढंच माझं ओझं कमी," असं म्हणत तिनं पायानं ढीग उलटून खालचंही वर काढून दिलं. पंधरा दिवसांत ढीग संपला.

माघात चंद्री रोडावली. डोळे पिवळे पडले. मग ती भिंतीला कपाळ टेकून तासन् तास उभी राहू लागली. बारामतीहून डॉक्टर आले, रक्त तपासून म्हणाले, "लिव्हर गेलंय. खुळखुळा खाल्लाय का हिनं?"

"आमच्या कुरणात?" हिंदुराव म्हणाले. "सायेब, तितं मालनबाईचा हात फिरतोय. एक बूड दाखवा."

"हिरवा खात नाहीत हो. वाळला की कडूपणा कमी होतो, विष मात्र राहतं. विकतच्या गवतातूनही येतो."

मालनबाई पाण्याची बादली घेऊन दारात उभी होती. जन्मात जिची जीभ कुणाला आवरली नाही, ती त्या दिवशी मुकी झाली. तिच्याबद्दल हे सांगायला जड जातं, पण घडलं ते असं.

पाचव्या दिवशी चंद्री गेली. जेसीबीनं खड्डा काढून तिला कुरणातच पुरलं. हिंदुरावांचं अन्नावरचं मन उडालं. "गवताचं गठ्ठं मीच आणलं. उकलून बघितलं न्हाय. माझ्याच हातानं इख घातलं तिला," हे एकच पालुपद. माणूस डोळ्यांदेखत खंगत चालला. मालनबाई रोज ठरवायची, आज सांगायचं. आणि रोज तशीच घरी जायची. सांगितलं तर ती दुपारच्या चहाची पायरी सुटणार होती, न सांगितलं तर हा माणूस हातचा जाणार होता.

तीन आठवडे तिनं असे काढले. मग एका दुपारी हिंदुरावांनी चहाचा कपसुद्धा परत केला, तेव्हा ती बोलली.

"तात्या, गठ्ठ्यात काय नव्हतं. मी खुळखुळ्याचा ढीग कुंपणाच्या आत घातला हुता. चंद्री खात हुती आन मी बघत हुते. पायानं उलटून मीच दिलं तिला." तिनं काही हातचं राखलं नाही.

हिंदुरावांनी शिव्या घातल्या असत्या तर तिला हलकं वाटलं असतं.

"माझा गुन्हा हाय म्हणून जगत हुतो, मालनबाई," ते म्हणाले. "जड हुतं, पर निभलं असतं. तुमच्यावर राग धरून न्हाय निभायचं मला. उद्यापासनं येऊ नका."

"व्हय," ती म्हणाली. उठली, दोन पावलं गेली आणि थांबली. "आन कुरण? पाऊस झाला की कटारा उठंल."

"उठू दे."

चंद्रीला पुरताना न रडलेली मालनबाई तेव्हा रडली.