दुपारच्या गोळीचं पाणी

आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्याच वर्षी मला मिरगी सुरू झाली. आधी झाली असती तर अंगात आलं म्हणून सगळे मोकळे झाले असते. आता घरातले देव गेले होते, त्यामुळे तीही सोय उरली नव्हती. शेजारणी म्हणायच्या कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा. बाबांनी कोणाचं ऐकलं नाही आणि मला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या, सकाळी, दुपारी आणि रात्री घ्यायच्या. एकही चुकवायची नाही, हे त्यांनी बाबांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

सकाळ आणि रात्र घरची होती, दुपार शाळेची. बाबा गुरुजींना भेटून आले. गुरुजी भला माणूस. वर्गात आम्हाला वेगळं बसवत नव्हते, त्या काळी हे थोडं नव्हतं. गोळ्यांची डबी त्यांनी खडू-नकाशांच्या कपाटात कुलपात ठेवली, कारण दुसरी पोरं गोड गोळ्या समजून खातील असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मधल्या सुट्टीत ते मला हाक मारत, गोळी हातावर ठेवत आणि डबी परत कुलपात टाकत. बाबा निर्धास्त झाले.

पाण्याचा विचार मात्र कोणीच केला नव्हता. व्हरांड्यातल्या माठाला आम्ही हात लावायचा नाही, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. चपराशी वरून ओतायचा, आम्ही ओंजळीने प्यायचो. आणि मधली सुट्टी झाली की चपराशी जेवायला घरी जायचा. मी गोळी मुठीत धरून माठाजवळ उभी. कधी तो लवकर यायचा, कधी थेट घंटा वाजवायलाच यायचा आणि तोवर गोळी घामाने विरघळून हाताला चिकटलेली असायची. कोरडी गिळून पाहिली तर ती घशात अडकली आणि ओकारीबरोबर बाहेर पडली. गुरुजींच्या लेखी गोळी दिलेली होती, घरच्यांच्या लेखी घेतलेली होती.

एका संध्याकाळी चुलीपुढे बसले असताना मला झटका आला. आईने मागे ओढलं म्हणून तोंड वाचलं, हात मात्र भाजलाच. मी शुद्धीवर आल्यावर तिने दुपारच्या गोळीचं विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. बाबा म्हणाले, उद्यापासून घरून बाटलीत पाणी देऊ. सकाळी आई शेतात निंदणाला न जाता माझ्याबरोबर शाळेत आली.

आई तशी तापट, पण त्या दिवशी तिचा आवाज चढला नाही. तिने गुरुजींना माझा हात दाखवला. गुरुजी खरोखर कळवळले. म्हणाले, चपराशी नसेल तेव्हा मी स्वतः ओतत जाईन. त्यांच्या दृष्टीने हे मोठं बोलणं होतं, आणि होतंच.

"अन् तुमी मिटिंगले सेलूले गेले त?" आई म्हणाली. "बाटली देतो मी, पन ते फुटली त? मिरगी काई कोनाची वाट पाह्यत नाई, गुरुजी. ओतनारा असला त पोरगी वाचन, नसला त चुलीत पडन, असं काऊन ठेवता? तिले दोन हात हायेत."

गुरुजी हजेरीपट घेऊन वर्गात गेले. आई घरी गेली नाही, शाळेच्या निंबाखाली जाऊन बसली. मधली सुट्टी झाली. गुरुजींनी गोळी माझ्या हातावर ठेवली आणि सगळ्या पोरांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जा, माठातून पाणी घे." मी पहिल्यांदाच माठात पेला बुडवला, अर्धं पाणी फ्रॉकवर सांडलं. मी प्यायल्यावर गुरुजींनी तोच पेला बुडवला, पाणी प्यायले आणि आत गेले. तेव्हा कुठे आई उठली.

दुसऱ्या दिवसापासून बरीच पोरं फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात घरचं पाणी आणू लागली. कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. माठ आमचा आणि गुरुजींचा उरला, इतकंच. मला त्याचा भयंकर राग यायचा. पण दुपारची गोळी पुन्हा चुकली नाही आणि झटके कमी होत गेले.

होळी झाली, ऊन तापलं. घरचे तांबे मधल्या सुट्टीआधीच रिकामे व्हायला लागले. एकदा मी माठाजवळ असताना, त्या दिवसानंतर माझ्या शेजारची जागा सोडून पलीकडे बसायला गेलेली मुलगी आली. तिने इकडेतिकडे पाहिलं, माझ्या हातातून पेला घेतला आणि घटाघटा प्यायली. मग तोंड पुसत तिने विचारलं, "तुही गोळी कडू लागते काय?"

"पान्यासंगं नाई लागत," मी म्हटलं.