काकी आणि छातीची दुसरी तपासणी

मॅमोग्राफीच्या खोलीबाहेर बायका घाबरून गप्प बसल्या, की काकी पदर खोचून बंद दाराला हात जोडायच्या आणि गाऱ्हाणं घालायच्या. "बा देवा म्हाराजा, ही बायलमाणसां तुझ्या दारात इली हत. तेंका सुखरूप घराक धाड रे म्हाराजा." बाकावरून एका सुरात उत्तर येई, "व्हय म्हाराजा." मग हशा. गाऱ्हाणं घालणं हे पुरुषांचं काम, असं त्यांना कुणी सांगितलं नसावं. हसलेली बाई अंग चोरत नाही, त्यामुळे छातीचा फोटो काढायचं माझं काम सोपं होई.

धामापूरकडच्या वाड्यांतून त्या सहा आसनी रिक्षा भरून बायका आणत. तुमच्याही गावात अशी एखादी असेल. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाला गाठ लागली, सगळं हिला आधी कळतं.

यंत्रापाशी आलेल्या प्रत्येकीला मी आणखी एक विचारत असे. विडी ओढता? पूर्वी ओढत होतात? पन्नाशी उलटलेली आणि बरीच वर्षं ओढलेली असेल, तर तिला फुप्फुसांच्या स्कॅनला पाठवायचं. काही दुखत नसतानाच. बायका तोंडाला पदर लावत. काकी त्यांना दटावत, "गो, भायरसून दाखवलंस, आता भितरसून दाखय. लाजतंस कित्याक?" त्यांच्या शब्दाखातर तिघी-चौघी गेल्या. एकीचा कॅन्सरचा डाग वेळेत सापडला. ती आजही काजू वेचते.

काकींना स्वतःला मात्र यंत्रापुढे फोटोपुरताही श्वास धरता येईना. खोकला येई, फोटो हले. मी खांदा धरून उभी होते. केसांना विडीचा वास.

"काकी, ओढता?"

"चुलीचो धूर गो तो."

"दार बंद आहे."

त्यांनी वळून दाराकडे पाहिलं. "दात दुखायचो म्हणान घेतलंय. मगे दात पडलो, विडी तशीच रवली."

"मग स्कॅनला जा."

"झिलाच्या लग्नाक चेडू बगतंव. त्या स्कॅनाक कोण जातत ता आता गावभर म्हायत आसा. मीच सांगलंय मां. विडी ओढणाऱ्या सासयेच्या घरात कोण आपला चेडू दितलो?"

"कोल्हापूरला करा. फोंडाघाट चढलात की तुम्हाला ओळखतंय कोण?"

"एसटीत आमच्याच वाडयेची दोन माणसां असतली. लगीन जावंदे. मगे तू सांगशीत थंय येतंय."

मी पुन्हा पुन्हा निरोप धाडले. त्या हसून परत निरोप पाठवत, "मुहूर्त काडतंव."

लग्नाला मी गेले होते. पंगतीत त्या स्वतः वाढत होत्या आणि मध्येच परसात जाऊन खोकून येत होत्या. त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी आल्या, पहिल्यांदाच एकट्या. "आता घाल माजा नाव," म्हणाल्या. स्कॅन झाला. तेव्हा करण्यासारखं फार उरलं नव्हतं. शिमगा बघायला काकी राहिल्या नाहीत.

परवा त्यांची सून शेजारणीला घेऊन आली. शेजारीण आत कपडे बदलत असताना सून माझ्याजवळ सरकली.

"माका पयल्याच दिसा सासयेच्या विडयेचो वास इल्लो. बरां वाटलां. म्हटलां, हय माका कोण नावां ठेवचो नाय. माजी आवस पण ओढता."

"काकींना सांगितलं होतंस?"

"सासयेक असां कसां सांगतलंय?"

"मग आईला तरी स्कॅनला आण."

तिने बाकावरच्या बायकांकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"ती येवची नाय. म्हणतली, सोयऱ्यांका कळात."