बारा उंदरांची पहिली आंघोळ

नरकचतुर्दशीला सकाळी सातला मी प्रयोगशाळेच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये शिरले, तर चक्क उटण्याचा वास! दारात उन्हाला मोठं घमेलं, आणि त्यात माझे बाराच्या बारा उंदीर. तेल लावून, न्हाऊमाखू घालून, पांढरेशुभ्र.

"सणाचं पारोसं ठिवायचं व्हय मॅडम?" पिंजरे सांभाळायला मांजरी गावाहून येणाऱ्या मावशी म्हणाल्या. "नरकात गेलं असतं की बिचारं!"

मी आधी धावत जाऊन शेपट्या बघितल्या. हे उंदीर जन्मजात लठ्ठ होणाऱ्या जातीचे. आईचं दूध सुटल्याबरोबर सहांना मी काही आठवडे औषध पाजलं होतं, सहांना नुसतं पाणी. बालपणीचं औषध मोठेपणीही पुरतं का, एवढाच माझ्या पीएचडीचा प्रश्न. कोण कितवा, हे शेपटीवरच्या मार्करच्या रेघांवरून कळायचं. तेलानं त्या सगळ्या साफ!

विषय मी उगाच नव्हता निवडला. आमचं अख्खं घराणंच भरल्या अंगाचं. सदाशिव पेठेतल्या दुकानदारानं मला एकदा मान वर न करता सांगितलं होतं, "तुमच्या मापाचं कापड मिळेल. ड्रेस नाही."

"मावशी, वाटोळं केलंत माझं!" म्हणत मी ऐन दिवाळीत भोकाड पसरलं. वजनं वहीत होती, पण बरीचशी एकमेकांना खेटून. नुसत्या त्यांवरून काय कपाळ कळणार? बारीक दिसतील ते औषधवाले, असं लिहून मोकळं व्हावं, हाही पापी विचार येऊन गेला.

"आवं, रडताय कशाला? मी सांगते की कोण कितवा," मावशी म्हणाल्या. "ह्यो चार, भित्रा हाय. ह्यो सात, उचलला की बोट चाटतोय."

औषध कुणाला मिळालं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या नंबर सांगायच्या, मी काट्यावर ठेवून वहीशी ताडून बघायची. चार जुळला. सात जुळला! पाचव्या उंदराला आम्ही दोघी खिदळायला लागलो, नवव्याला मी चक्क नाचले. मावशींनाही हसून ठसका लागला.

शेवटी मावशींनी सगळ्यात गोलगरगरीत उचलला. "ह्यो अकरा."

वजन जुळलं. अकराला औषध पाजलेलं होतं, तरी हा पठ्ठ्या फुगलाच. आकडे बिघडवतो म्हणून माझा नावडता. मनासारखं लिहिलं असतं, तर याला मी खुशाल पाणीवाल्यांत ढकललं असतं. माझं हसू थांबलं.

"मावशी, तुम्ही ओळखता तरी कसं?"

"अंगाकडं काय बघायचं? तोंड बघायचं की."

मी अकराला ओंजळीत घेतलं. त्याच्या अंगाला उटण्याचा वास येत होता, मिशा अजून ओल्या होत्या. दर आठवड्याला मी त्याचं वजन केलं होतं. तोंड त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.